माळरान कितपत शाबूत आहे, हे तज्ज्ञांना विचारून ठरवता येतं का?

सोलापूरकडच्या माळरानाची सविस्तर मोजणी परवडत नाही, मग जाणकारांच्या अंदाजावर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. भागेल, पण ‘स्थिती कशी वाटते?’ असं मोघम विचारलंत तर हाती काही लागणार नाही. ग्लिरिसिडिया (बाहेरून आणलेलं झाड) लावलेला तुकडा एकाला सुधारणा वाटेल, गवताच्या अभ्यासकाला बिघाड. दोघंही जाणकारच, फक्त ‘चांगला माळ’ म्हणताना डोळ्यांसमोर येतं ते वेगळं. (सरकारी नोंदीत माळ ‘पडीक’ ठरतो तोही बऱ्याचदा असाच.)

म्हणून आधी संदर्भस्थिती, म्हणजे शाबूत माळ कसा दिसतो ते, लिहून काढा: शेडा, मारवेल, डोंगरी अशी बहुवर्षायू (वर्षानुवर्षं टिकणारी) गवतं भरपूर, झाडं तुरळक. चराई फार झाली की ही मागे हटतात, कुसळी गवत वाढतं, शेवटी ॲरिस्टिडासारखी निकस गवतं उरतात.

माणसं पाच ते आठ घ्या, त्यात एखादा मेंढपाळ हवाच. प्रश्न मोजता येईल असा ठेवा: ‘या 20 हेक्टरांत बहुवर्षायू गवताखाली किती टक्के जमीन आहे?’ प्रत्येकाकडून याच क्रमाने चार आकडे लिहून घ्या: कमीत कमी, जास्तीत जास्त, सर्वांत संभाव्य, आणि खरा आकडा कमीत कमी ते जास्तीत जास्त या पट्ट्यात असेल याची खात्री किती टक्के. संभाव्य आकडा आधी विचारला की माणूस त्यालाच चिकटतो आणि पट्टा अरुंद होतो.

खात्री सगळ्यांची वेगवेगळी असते, म्हणून पट्टे एकमेकांशी ताडता यावेत यासाठी ती 80 टक्क्यांवर आणा. समजा उत्तर 20, 50, 30 आणि खात्री 60. मग 30 पासूनची दोन्ही अंतरं 80/60 ने गुणा. पट्टा साधारण 17 ते 57 होतो.

आकडे नावं झाकून सर्वांपुढे ठेवा, कारणांवर चर्चा करा, मग प्रत्येकाला एकट्याने पुन्हा लिहू द्या. एकमत घडवू नका. ज्येष्ठ आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात. हुद्दा आणि अंदाजाचा अचूकपणा यांचा संबंध कच्चा असतो, त्यामुळे सरासरी सगळ्यांना समान वजन देऊन काढा. मात्र निम्मे 20 आणि निम्मे 70 म्हणत असतील तर 45 लिहू नका. प्रश्न दोन अर्थांनी वाचला गेलाय का, ते आधी तपासा.

पाहणी सप्टेंबर-ऑक्टोबरात करा. मेमध्ये जाती ओळखणं कठीण जातं. आणि 1 मीटर बाय 1 मीटरचे दहाएक चौकोन मोजून ठेवा, ते आकडे न सांगता तज्ज्ञांकडून त्या चौकोनांचेही अंदाज घ्या. 80 टक्क्यांच्या पट्ट्यात दहापैकी चार-पाचच खरे आकडे बसले, तर बाकीचे पट्टेही रुंद करावे लागतील.