पीएचडीसाठी एफडी मोडू की सोनं तारण ठेवू?

सांगलीहून एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ३३, एम.कॉम.ला ६१ टक्के, खासगी कंपनीत अकाउंट्सचं काम, पगार ४१ हजार. पतीचा पगार ४८ हजार, घरकर्जाचा हप्ता २१ हजार, घरखर्च ३८ हजार, मुलगी पाच वर्षांची. शिल्लक म्हणजे ५.२ लाखांची एफडी, शिवाय वर्षाला ६० हजार हप्त्याची एक विमा पॉलिसी. अकाउंटन्सीत पीएचडी करून प्राध्यापक व्हायचं आहे. परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाच्या एजंटने ४.८ लाखांचं पॅकेज दिलंय: दोन वर्षांत पदवी, यायची गरज नाही, पेपर आणि प्रबंध ‘आमच्याकडे’. बुकिंगचे दहा हजार गेलेत, पंधरा दिवसांत दीड लाख भरायचे आहेत. जानेवारीत नोकरी सोडून तासिका तत्त्वावर शिकवायचंही ठरलंय. प्रश्न एवढाच, की एफडी मोडावी की सोनेतारण कर्ज घ्यावं?

दोन्ही नको. पैसे कुठून आणायचे हा इथला प्रश्नच नाही. तुम्ही जे विकत घेताय त्याला प्राध्यापकाच्या नोकरीत किंमत नाही, आणि ते न घेताही तुम्हाला त्या नोकरीसाठी पात्र होता येतं.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) पीएचडीचे नियम २०२२ चे आहेत. कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं लागतातच, म्हणजे ‘दोन वर्षांत’ हे शब्दच नियमाबाहेरचे. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडी मान्य नाही. अर्धवेळ चालते, पण नोकरी करणाऱ्याला मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. याच नियमांनी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली (विद्यापीठ स्वतःची अट घालू शकतं), आणि मान्य संशोधन नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. एजंट मात्र अजून ‘केअर लिस्टेड पेपर’चे पैसे लावतात. जानेवारी २०२५ मध्ये राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना यूजीसीने पाच वर्षं पीएचडी प्रवेश द्यायला बंदी केली, ती नियम न पाळता पदव्या दिल्या म्हणूनच. शिवाय प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढतो आणि कुणालाही वाचता येतो. दुसऱ्याने लिहिलेला प्रबंध मुलाखतीच्या टेबलावर दहा मिनिटंही टिकत नाही.

आता न विचारलेलं. सहायक प्राध्यापकाची किमान पात्रता म्हणजे नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्याची तशीच परीक्षा). पीएचडी त्या पायरीवर ऐच्छिक आहे, सहयोगी प्राध्यापक होताना ती लागते. तुमच्या अख्ख्या पत्रात नेटचा उल्लेख नाही! खुल्या प्रवर्गाची नेटची फी हजार-बाराशेच्या घरात आहे. वर्षातून दोनदा परीक्षा, कॉमर्सचा विषय, दोन पेपर मिळून तीन तासांत १५० प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. नुसत्या नेटला वयाची अट नाही. नेटमधूनच मिळणाऱ्या जेआरएफला, म्हणजे पीएचडी करताना दरमहा पैसे देणाऱ्या अधिछात्रवृत्तीला, ३० ची आहे, पण महिलांना पाच वर्षांची सवलत मिळते. म्हणजे तुमच्या हातात अजून तीन-चार संधी आहेत. पंधरा दिवसांच्या मुदतीपेक्षा ही मुदत खरी.

जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि पुढची तीन ४२ हजार. पाच वर्षांत साधारण २४ लाख, घरभाडे भत्ता वेगळा. एकीकडे ४.८ लाख द्यायचे, दुसरीकडे २४ लाख घ्यायचे. जेआरएफ कठीण आहे, हेही खरं. दोन्ही पेपर देणाऱ्यांपैकी सहा टक्केच पात्र ठरतात, आणि त्यांतल्या थोड्यांनाच ही अधिछात्रवृत्ती मिळते. म्हणून नोकरी धरून रोज दोन तास अभ्यास करा, आणि पुण्याच्या विद्यापीठाकडून होणारी सेटही द्या.

आजच राजीनामा दिला तर? ४८ हजारांतून हप्ता, घरखर्च आणि पॉलिसीचे महिना पाच हजार वजा केले की १६ हजारांची तूट. दोन वर्षांत पावणेचार-चार लाख. तासिकांचं मानधन सुट्टीत मिळत नाही, अनेकदा महिनोन् महिने अडकतं, त्यावर घरकर्ज चालत नाही. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० आहे हे खरं, पण त्या जागा निघायची वाट पाहावी लागते, आणि विनाअनुदानित संस्थेत ते वेतन गृहीत धरू नका.

एफडीला हात लावू नका. हप्ता आणि घरखर्चाचे सहा महिने म्हणजे साडेतीन लाख. उद्या जेआरएफ मिळाली तरी पहिली रक्कम हातात यायला वेळ लागतो, तेव्हा हेच पैसे लागतील. जेआरएफ हुकली तर शिवाजी विद्यापीठासारख्या सरकारी विद्यापीठात अर्धवेळ नोंदणी करा. सगळी फी साधारण लाखभराच्या आत बसते आणि पगार चालू राहतो. विषय हाताशी असलेला निवडा. जीएसटीबद्दल दोनशे व्यापाऱ्यांना प्रश्नावली वाटून झालेले प्रबंध पुष्कळ आहेत. तुमच्या जिल्ह्यात सहकारी साखर कारखाने आहेत, त्यांचे वार्षिक अहवाल सभासदांकडे असतात. साखरेच्या साठ्याचं मूल्यांकन आणि त्यावर उचललेलं बँकेचं कर्ज, यावर दहा वर्षांचे ताळेबंद लावून बसलात तर प्रश्नावलीचा खर्चही वाचेल.

पॉलिसीबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय. वर्षाला ६० हजार, दहा वर्षं, पॉलिसीच्या विसाव्या वर्षी १३ लाख. हा परतावा जेमतेम पाच टक्के. ‘मुलीच्या शिक्षणासाठी हमखास’ म्हणून हे गळ्यात मारणाऱ्याचा मला राग येतो. तीन हप्ते भरलेत, आज सरेंडर केलीत तर १.८ लाखांतले ६३ हजारांच्या आसपास हातात येतील. त्याआधी कंपनीकडून पेड-अप रक्कम, म्हणजे पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवली तर मुदतीअखेर काय मिळेल ते, लेखी मागा. मुदतीअखेर दोन लाखांहून जास्त मिळणार असतील तर पॉलिसी पेड-अप करा, नाहीतर सरेंडर करा. चौथा हप्ता भरू नका. घरकर्ज आहे, मुलगी लहान आहे, तेव्हा पतीचा आणि तुमचा टर्म विमा (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा) आधी.

बुकिंगचे दहा हजार ईमेल करून परत मागा, न आले तर सोडून द्या. मूळ गुणपत्रकं एजंटकडे दिली असतील तर मात्र ती याच आठवड्यात स्वतः जाऊन घेऊन या.