वाचकांचे कायदेविषयक प्रश्न : वकिलांनाच नोटीस आली तर?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ एका पतसंस्थेत लेखनिक होता. अपहाराच्या गुन्ह्यात त्याचे नाव आल्यावर आम्ही तालुक्याच्या वकिलांना वकीलपत्र दिले. आता पोलिसांनी वकिलांनाच नोटीस पाठवली आहे, की साक्षीदार म्हणून हजर राहा, आरोपीने काय सांगितले ते सांगा, कागदपत्रे व मोबाइल घेऊन या. वकीलसाहेब वकीलपत्र सोडण्याची भाषा करीत आहेत. पोलिसांना असे करता येते का? — एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या भावाने वकिलांना काय सांगितले, एवढेच जाणून घेण्यासाठी पोलिसांना त्यांना बोलावता येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ नुसार, अशिलाने कामाच्या ओघात सांगितलेली गोष्ट किंवा वकिलाने त्याला दिलेला सल्ला अशिलाच्या स्पष्ट संमतीवाचून उघड करता येत नाही. वकीलपत्र संपले तरी हे बंधन सुटत नाही, आणि ते वकिलांच्या कारकुनालाही लागू आहे. (निम्मी माहिती कारकुनाकडेच असते, हे १८७२ चा जुना कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक असावे, त्यातही ही तरतूद होती.) हे संरक्षण वकिलाचा मान राखण्यासाठी नाही, तर अशिलाला मोकळेपणाने बोलता यावे यासाठी आहे, म्हणून संमती द्यायची की नाही हे आपल्या भावाने ठरवायचे आहे.

मात्र कायद्याने अपवाद ठेवले आहेत, आणि त्यांतले एक उदाहरण नेमके अपहाराचेच आहे. काम हाती घेतले तेव्हा हिशेबाच्या वहीत नसलेली नोंद नंतर घातलेली वकिलाला दिसली, तर त्या गोष्टीला संरक्षण मिळत नाही. याउलट ‘माझ्या हातून खोटा दस्त झाला, माझा बचाव करा’ असे अशिलाने सांगितले, तर ते गुप्तच राहते. पण ‘या खोट्या दस्ताच्या आधारे जमीन मिळवून द्या’ असे सांगितले तर नाही.

जून २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने अरविंद दातार व प्रताप वेणुगोपाल या ज्येष्ठ वकिलांना समन्स पाठवले आणि ओरड झाल्यावर ते मागे घेतले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने या विषयाची स्वतःहून दखल घेतली आणि तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या त्रिसदस्यीय खंडपीठाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी निकाल दिला. त्यानुसार अपवादात बसणारी बाब असेल तरच, ती कोणती हे समन्समध्ये स्पष्ट लिहून आणि पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची लेखी संमती घेऊनच वकिलाला बोलावता येते. अशा समन्सला वकील किंवा अशील उच्च न्यायालयात आव्हान देऊ शकतात. आपल्या वकिलांनी आधी नोटिशीत हा मजकूर आहे का, ते पाहावे.

कागदपत्रांचे तेवढे वेगळे आहे. वकिलांच्या कपाटात ठेवल्याने पतसंस्थेची वही गोपनीय होत नाही. ती मागितली गेली, तर न्यायालयापुढे हजर करावी लागेल. मोबाइलही तपास अधिकाऱ्याच्या हाती नव्हे, न्यायालयातच द्यायचा आहे. तेथे आपली हरकत ऐकली जाईल आणि ती फेटाळली गेली, तरच आपल्या भावाच्या व वकिलांच्या समोर तो उघडला जाईल. त्यातील इतर अशिलांची गोपनीयताही जपावी लागेल. एका नोटिशीपायी वकीलपत्र सोडण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : आमच्याकडे एका गंभीर गुन्ह्यातील आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असा ठराव वकील संघाने केला. तो सदस्यांना बंधनकारक आहे का? — एक कनिष्ठ वकील

उत्तर : नाही. कोइंबतूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली असे ठराव बेकायदा व शून्यवत ठरवले आहेत. आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा अटक झालेल्या व्यक्तीचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे, आणि बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे योग्य फी मिळत असेल, तर खास कारणाशिवाय काम नाकारता येत नाही. वकिलावर दडपण फक्त पोलिसांकडूनच येते असे नाही, हे आपल्या प्रश्नावरून दिसतेच. आपल्याला ते वकीलपत्र घ्यायचे असेल, तर संघाच्या परवानगीची वाट पाहू नका.