आधी पक्ष मोज, मग सूत्र लाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

जर्मनीच्या पक्षपद्धतीवरचा तुझा आराखडा वाचला. प्रभावी पक्षसंख्येचं (म्हणजे प्रत्येक पक्षाला त्याच्या आकाराइतकं वजन देऊन मोजलेल्या पक्षसंख्येचं) लाक्सो-तागेपेरा सूत्र पानभर समजावलं आहेस, पण एक पक्ष कशाला धरायचा यावर ओळही नाही. सगळी गडबड तिथेच होते.

२०१३चं बुंडेस्टाग, म्हणजे जर्मनीची संसद घे. एकूण जागा ६३१, पक्षवार अशा: सीडीयू २५५, सीएसयू ५६, एसपीडी १९३, डी लिंके ६४, ग्रीन ६३. प्रत्येकाचा एकूण जागांतला वाटा काढ, त्याचा वर्ग कर, वर्गांची बेरीज घे आणि १ला त्या बेरजेने भाग. सीडीयू-सीएसयू वेगळे धरलेस तर उत्तर येतं ३.५१, एकत्र धरलेस तर २.८०. निवडणूक तीच, जागाही त्याच! सीएसयू फक्त बव्हेरियात लढते, तिथे सीडीयू उभी राहत नाही आणि संसदेत दोघांचा गट एकच असतो. सरकार कसं बनतं हा तुझा प्रश्न असेल, तर त्यांना एकत्रच धरावं. पक्षसंघटनेचा अभ्यास असेल, तर वेगळं. जे ठरवशील ते पहिल्या वर्षापासून शेवटच्यापर्यंत पाळ आणि तक्त्याखाली लिहून ठेव. निम्मे आकडे एका ठिकाणचे आणि निम्मे दुसरीकडचे घेतलेस, तर दोन नियम नकळत मिसळतात आणि आलेखात कधी न झालेली पक्षफूट दिसू लागते.

जर्मन मतदार दोन मतं देतो, एक मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि दुसरं पक्षाच्या यादीला. मतांची टक्केवारी या दुसऱ्या मताची घे आणि ती वैध मतांवरच काढ. 'इतर' हा रकाना एक पक्ष समजून त्याचा वर्ग करू नकोस. त्यातले छोटे पक्ष जमतील तितके सुटे कर.

आणखी एक. '५ टक्क्यांहून कमी मतं, तर शून्य जागा' असा नियम संगणकाला सांगून मोकळा होऊ नकोस. १९९०मध्ये ही अट पूर्व आणि पश्चिम जर्मनीत स्वतंत्रपणे लावली होती, म्हणून देशभरात २.४ टक्के मतं असूनही पीडीएस या पूर्वेतल्या डाव्या पक्षाला १७ जागा मिळाल्या. २०२१मध्ये डी लिंके ४.९ टक्क्यांवर थांबली, पण तीन मतदारसंघ थेट जिंकल्यामुळे ३९ जागा घेऊन आत आली. उलट २०१३मध्ये एफडीपी ४.८ आणि एएफडी ४.७ टक्क्यांवर, असे दोन पक्ष बाहेर राहिले. अशा वर्षी मतांवरची आणि जागांवरची पक्षसंख्या शेजारीशेजारी मांड, त्यांच्यातली दरी हाच तुझा खरा विषय आहे.

पुढच्या आठवड्यात १९९० आणि २०१३ या दोनच निवडणुकांचे तक्ते हाताने करून पाठव. प्रत्येक जागा अधिकृत निकालाशी ताडून पाहा.

कळावे, लोभ असावा.