पहिला गेमिंग पीसी जोडताय? आधी स्क्रीन ठरवा

प्रश्न: दादा, नमस्कार. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दोन वर्षं पैसे साठवलेत आणि आता पहिल्यांदाच स्वतः पीसी जोडणार आहे. यादी अशी केलीय: प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्स३डी, आरटीएक्स ५०६० टीआयचं ८ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी डीडीआर५ रॅमची एकच स्टिक म्हणजे पुढे अजून एक टाकता येईल, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, आणि एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा डबा) ५०० वॅटचा जो स्वस्त मिळेल तो, कारण त्याने काय एफपीएस (सेकंदाला तयार होणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) वाढत नाहीत. मॉनिटर घरातला जुनाच, १०८०पी ६० हर्ट्झ. कुठे चुकतंय का सांगा.

उत्तर: चुकतंय रे, पण चुकतंय ते पैसे कुठे घातलेस त्यात, आणि अजून काही विकत घेतलेलं नाहीयेस हे फार बरं झालं.

तू प्रोसेसरपासून सुरुवात केलीस, बहुतेक सगळे तिथूनच करतात. मी म्हणतो स्क्रीनपासून सुरू कर आणि उलटा मागे ये. तुझा जुना मॉनिटर सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद डोळ्यासमोर राहतं. ७८००एक्स३डी तुला एखाद्या गेममध्ये १५० फ्रेम काढून देईल, पण दिसणार ६०, बाकीच्यांचे पैसे तू भरलेस आणि त्या स्क्रीनवर आल्याच नाहीत. तेच १४४ हर्ट्झवर एक चित्र ६.९ मिलिसेकंदाचं होतं आणि माउस हलवल्यावर हाताला जो फरक जाणवतो तो पहिल्या मिनिटात कळतो, कुणी समजावून सांगावा लागत नाही.

आता प्रोसेसर आणि कार्ड यांची कामं वेगळी आहेत हे एकदा डोक्यात बसव. शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, दरवाजा उघडला का, असला सगळा हिशोब प्रोसेसर करतो आणि तो हिशोब स्क्रीन लहान असो की मोठी, जवळपास तेवढाच राहतो. चित्र रंगवायचं काम कार्डाचं, आणि ते पिक्सेलच्या हिशोबाने वाढत जातं: १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, ४के म्हणजे ८२.९ लाख. त्यामुळे स्क्रीन ठरली की कार्ड ठरतं, आणि कार्ड ठरलं की त्याला पुरेल एवढा प्रोसेसर बघायचा.

मी तुझ्या जागी असतो तर ७८००एक्स३डी सोडून ६ कोअरचा रायझन ५ ७६०० घेतला असता, त्याच्या बॉक्समध्ये कूलरही येतो (७८००एक्स३डीबरोबर येत नाही, तो खर्च तुझ्या यादीत धरलेलाच नाहीये!). वाचलेल्या पैशातून ५०६० टीआयचंच पण १६ जीबीवालं कार्ड, आणि उरलेले १४४०पी, १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला. पुढे कधी प्रोसेसर कमी पडला तर त्याच एएम५ बोर्डवर (एएम५ हे सॉकेटचं, म्हणजे प्रोसेसर बसायच्या जागेचं नाव) ७८००एक्स३डी बसतो, बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं की झालं. याआधीच्या एएम४ चं उदाहरण डोळ्यासमोर आहेच, २०१७ साली घेतलेल्या कितीतरी बोर्डांवर लोकांनी २०२२ साली आलेला ५८००एक्स३डी प्रोसेसर बसवला. म्हणून सॉकेट निवडताना थोडं पुढचं बघायचं, प्रोसेसर आजच्यापुरता घेतला तरी चालतो.

८ जीबीचं कार्ड का नको, तर व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरली की कार्ड उरलेलं टेक्श्चर (भिंती, जमीन यांच्यावर चढवायची चित्रं) मशीनच्या साध्या रॅममध्ये ढकलतं आणि लागेल तेव्हा परत ओढून आणतं, तो रस्ता कार्डाच्या स्वतःच्या मेमरीपेक्षा खूपच हळू आहे. फसवं असं की सरासरी एफपीएस कागदावर ठीक दिसतात, पण वळताना झटका बसतो, नाहीतर समोरची भिंत दोन सेकंद मातीच्या गोळ्यासारखी दिसते आणि मग तिच्यावर विटा उमटतात. सेटिंग कमी करून निभावता येतं, पण नव्या कार्डावर पहिल्याच वर्षी ते कशाला करायचं.

रॅमची एक स्टिक नको. दोन घे, १६-१६, म्हणजे ड्युअल चॅनल मिळतं, प्रोसेसरला एकदम दोन रस्त्यांनी रॅम वापरता येते. नंतर अजून एक टाकेन हा विचार कागदावर बरा वाटतो, पण वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या स्टिक एकमेकींशी जुळतीलच असं नसतं, आणि डीडीआर५ मध्ये चार स्टिक लावल्या तर वेग बराच खाली येतो. आकडा बघताना नुसता ६००० चा वेग बघू नकोस, सीएल (उत्तर द्यायला रॅम किती ठोके घेते तो आकडा) पण बघ: ६००० सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद, ६००० सीएल३६ म्हणजे १२, कमी तेवढं चांगलं. स्लॉट प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा, तरी बोर्डाचं मॅन्युअल एकदा उघडच.

आता एसएमपीएस. इथे मला थोडं जास्त बोलायचंय, कारण तुझं "कुठलाही स्वस्त" हे वाक्य माझं स्वतःचं होतं. माझ्या पहिल्या मशीनमध्ये मी असाच एक ५०० वॅट लिहिलेला डबा टाकला होता. गेम सुरू व्हायचा, अर्धा तास छान चालायचा, आणि एखाद्या मोठ्या स्फोटाच्या सीनला मशीन खटकन बंद, बटण दाबल्यासारखं. एरर नाही, निळा स्क्रीन नाही, काही नाही. मी रॅम काढून घातली, विंडोज दोनदा नव्याने टाकलं, तीन आठवडे ग्राफिक्स कार्डाला दोष दिला. शेवटी एसएमपीएस बाहेर काढून त्याचं लेबल नीट वाचलं तर १२ व्होल्टच्या रकान्यात २४ अँपिअर लिहिलेलं. २४ गुणिले १२ म्हणजे २८८ वॅट. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनवर दाखवून बेरीज ५०० केली होती, आणि प्रोसेसर असो की कार्ड, दोघांचं जेवण १२ व्होल्टवरच असतं.

म्हणून लेबलवरचा १२ व्होल्टचा आकडा बघायचा, तो एकूण वॅटच्या जवळपास असला पाहिजे. ८० प्लस गोल्ड, ब्राँझ वगैरे जे शिक्के असतात ते भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती आत पोचते तेवढंच सांगतात (गोल्ड असेल तर अर्ध्या लोडला किमान ९०%), आतले भाग कसले आहेत ते त्यातून कळत नाही. वॉरंटी किती वर्षांची आहे त्यावरून जास्त कळतं, ७ ते १० वर्षं देणारा बनवणारा आपल्या मालाला घाबरत नाही. तुझा हिशोब सांगतो: ७६०० जास्तीत जास्त ८८ वॅट, कार्ड १८० वॅट, बाकी बोर्ड, पंखे, एसएसडी धरून अजून पन्नासेक, म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास. कार्ड क्षणभरासाठी याच्या वरही उडी मारतं, त्यामुळे चांगला ६५० वॅट घे आणि पुढची काही वर्षं तिकडे बघूच नकोस. अजून एक, मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येतात अशा) एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावायच्या नाहीत, टोक बसलं तरी आतली जोडणी वेगळी असू शकते आणि एसएसडी, हार्ड डिस्क एका क्षणात जाते.

एसएसडी तुझी ठीक आहे, जेन४ (चौथ्या पिढीची) असली की पुरे. कॅबिनेट पुढून जाळीचं घे आणि कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून घे.

प्रश्न: माझा पंधरा वर्षांचा मुलगा रायझन ५ ७६०० वर पीसी स्वतः जोडायचं म्हणतोय. लिक्विड कूलर पाहिजेच असा हट्ट आहे. घ्यावा का? आणि त्याच्या हातून काही मोडलं तर?

उत्तर: ताई, या प्रोसेसरला लिक्विड कूलरची गरज नाही. बॉक्समधला कूलर पुरतो, फक्त लोडवर थोडा आवाज करतो, तो नको असेल तर साधा टॉवर एअर कूलर घ्या, त्यात बिघडण्यासारखा एक पंखा तेवढा असतो. लिक्विडमध्ये पंपही आला. तेच पैसे कॅबिनेटला पुढून दोन आणि मागे एक पंखा बसवायला वापरा.

जोडू द्या त्याला, तुम्ही शेजारी बसा. खरी नाजूक जागा एकच, बोर्डावरचं सॉकेट. एएम५ मध्ये १७१८ बारीक पिना बोर्डावर असतात, बोट लागलं तरी वाकतात. प्रोसेसर कडेला धरून, कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून वरून अलगद ठेवायचा, ढकलायचा नाही. मग सॉकेटची दांडी खाली दाबताना बराच जोर लागतो आणि करकर आवाज येतो, तेव्हा दोघंही घाबराल, पण ते तसंच असतं. वरचं काळं प्लास्टिकचं झाकण त्या दाबाने आपोआप उडतं, ते आधी काढू नका, आणि नंतर जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत द्यायचा झाला तर लागतं. कूलरच्या तळाला पारदर्शक फिल्म असेल तर ती काढायची आठवण मात्र तुम्ही करा, उत्साहात ती हमखास राहते.

प्रश्न: सगळं जोडलं, एएम५ बोर्ड आहे, पंखे फिरतायत, लाइट लागतायत, पण स्क्रीन काळीच. काही जळलं का?

उत्तर: बहुतेक काही जळलेलं नाही. पहिल्यांदा चालू केल्यावर बोर्ड डीडीआर५ रॅमची चाचणी घेत बसतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि त्यात काही मिनिटं जातात. लोक तिसऱ्या मिनिटाला बटण दाबून बंद करतात आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. चांगली पंधरा मिनिटं हात लावू नका.

तरी काही आलं नाही तर मॉनिटरची केबल बघा, ती बोर्डाला लावली असेल तर ग्राफिक्स कार्डाला लावा. कार्डाची वेगळी पॉवर केबल बसलीय का ते बघा. रॅम काढून परत दाबा, टक् आवाज आला पाहिजे. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट (विंडोज सुरू होणं) अशा चार छोट्या एलईडी असतात, त्यातली जी पेटून राहते तिथे अडलंय. प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा असेल तर बायोस जुनं असणं हेही कारण असतं, मागे फ्लॅशबॅकचं बटण असेल तर पेनड्राइव्हवरून ते अपडेट होतं.

आणि चित्र आलं की दोन गोष्टी लगेच करा. बायोसमध्ये जाऊन एक्सपो (रॅमवर लिहिलेला वेग लावणारं सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम बहुधा ४८०० वरच चालत राहते. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघा, १४४ हर्ट्झचा मॉनिटर तिथे ६० वरच असेल तर तो तुम्हालाच बदलावा लागतो.