विमानात नुसते बसून राहिल्यानंतरही थकवा येतो, त्यात केबिनमधील आवाजाचा काही वाटा असतो का?

होय, असतो, आणि सर्वसाधारण प्रवासी समजतो त्यापेक्षा तो मोठा असावा असे माझे मत आहे. जेट विमान उंचीवर स्थिर वेगाने उडत असताना केबिनमध्ये साधारणपणे ७५ ते ८५ डेसिबल आवाज सतत असतो. त्यातील बराचसा भाग इंजिनांचा नसून विमानाच्या बाह्य पृष्ठभागावरून वेगाने वाहणाऱ्या हवेच्या खळबळीचा असतो. हा आवाज एकसुरी असल्यामुळे काही वेळाने तो जाणवेनासा होतो, परंतु शेजाऱ्याचे बोलणे किंवा उद्घोषणा समजून घेताना मेंदूला त्यातून शब्द वेगळे काढावे लागतात, स्वतःचा स्वरही चढवावा लागतो, आणि या अखंड प्रयत्नात एकाग्रता हळूहळू खर्च होत जाते. सूचना परक्या भाषेत असतील किंवा ऐकणारी व्यक्ती वयस्कर असेल, तर हा ताण आणखी वाढतो. घरातील ज्येष्ठांना एकटे पाठवताना याचा विचार अवश्य करावा. हवेचा कमी दाब आणि कोरडेपणा यांचीही थकव्यात भर पडते.

आवाज रद्द करणारे हेडफोन नेमक्या अशाच खालच्या पट्टीतील सततच्या घरघरीवर सर्वाधिक परिणामकारक ठरतात. ते नसल्यास फोमचे साधे कर्णरोधक वापरावेत. पंखांखाली इंजिने असलेल्या जेट विमानात पुढील आसने तुलनेने शांत असतात. एटीआरसारख्या, बाहेर फिरणारे पंखे (प्रोपेलर) असलेल्या विमानात मात्र त्या पंख्यांच्या रेषेतील आसने टाळावीत.