आईला उचलू नका, फळी टाका

प्रश्न : आईला पक्षाघातानंतर व्हीलचेअर लागते. धाकटा भाऊ जन्मापासून अंध आहे. दोघांनाही शनिवारवाडा पाहायचाय. मागे एका जुन्या वास्तूत चौघांनी न विचारताच आईला खुर्चीसकट उचललं. तेव्हापासून ती बाहेर पडायलाच नको म्हणते. काय करावं?
– एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : ताई, जरूर न्या. 1828 च्या आगीत वाड्याचे मजले गेले. त्यामुळे जोती, बागेतल्या वाटा, हजारी कारंजं असं बरंचसं जमिनीवरूनच पाहता येतं. नगारखान्याचा दगडी जिना मात्र चढा आहे, तिथे खुर्ची जाणार नाही. हे आईंना घरीच सांगा, तिथे पोचल्यावर नको.

उचलणारे भले असतात, पण खुर्चीत बसलेल्या माणसाचं अंग परक्या हातांत जातं, त्याचं काय? एखादी पायरी आलीच तर आधी आईंना विचारा. त्या हो म्हणाल्या तरच खुर्ची मागे कलवून चढवा. धरायचं ते पक्क्या सांगाड्याला. हाताच्या दांड्या आणि पाय ठेवायच्या पट्ट्या निखळून येतात.

खरं तर ही वेळ यायलाच नको. वास्तुजतनाचं काम करताना ‘रॅम्पने वारशाची शोभा जाते’ हे मी फार ऐकलंय आणि मला ते अजिबात पटत नाही. एक इंच चढायला बारा इंच उतार लागतो. म्हणजे तीन इंचांच्या उंबऱ्याला तीन फुटांची मजबूत, न घसरणारी फळी पुरते. दगडाला एक खिळाही न ठोकता ती टाकता येते, काढताही येते. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा, नियम 2017 चे. जुन्या सार्वजनिक इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करायला दिलेली पाच वर्षांची मुदतही कधीच उलटली. तेव्हा अशी फळी मागताना संकोच करू नका.

भावासाठी आदल्या दिवशी जाड पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून तटबंदीचा आराखडा करा. पाच दरवाजांच्या जागी फटी सोडा, दिल्ली दरवाजा उत्तरेला. कारंज्याच्या जागी सोळा पाकळ्यांचं कमळ कापून लावा. बोटं त्यावरून दोनचार वेळा फिरली की आत गेल्यावर आपण कुठे उभे आहोत हे त्याला तुम्हाला विचारावं लागणार नाही. दरवाजावरचे अणकुचीदार खिळे हत्तीच्या कपाळाच्या बेताने ठोकलेले, तिथवर हात पोचत नाही. ते तोंडी सांगा. तटाच्या पायाकडचा घडीव दगड मात्र हाताशी असतो. पहारेकऱ्याला विचारून त्यावरून त्याला सावकाश हात फिरवू द्या.

सकाळी लवकर जा, गर्दी कमी आणि ऊनही. अडचण आली तर त्या जागेचा फोटो आणि उंबऱ्याची उंची टाकून पुरातत्त्व सर्वेक्षणाला लेखी कळवा. प्रत दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला द्या, ते पुण्यातच आहे. पोच घ्यायला विसरू नका.