पहारेकऱ्याच्या हातातला चहा

प्रश्न: माझं माहेर साताऱ्याचं, करंज्यातलं. बारा वर्षं झाली, आम्ही मेलबर्नला असतो. लेक चौदा वर्षांची आहे. साताऱ्याच्या किल्ल्यावर घडणारी एक इंग्रजी कादंबरी मला सापडली, किशोरांसाठीची, इतिहासात जादू मिसळलेली. एवढ्या हौसेनं वाढदिवसाला दिली. तिनं वाचली आणि शाळेत दोन पानी मत लिहून दिलं की पुस्तक फसलंय. व्हिडिओ कॉलवर आजोबांनाही तेच सांगितलं. अण्णा भलत्याच कारणानं भडकले, ‘देवीची चेष्टा चालवलीय, टाकून द्या ते.’ मला मात्र लेकीचं लागलं. आपल्या गावाचं हिला काहीच वाटत नाही का?

उत्तर: तिची दोन पानं सोबत पाठवलीत हे फार बरं केलंत. नाहीतर मीही तुमच्याच बाजूनं चार शब्द लिहून मोकळी झाले असते. पानं वाचली आणि मग कादंबरीच मिळवली. भाच्याच्या टॅबवर दोन रात्रींत संपवली, डोळे चुरचुरले.

नायिका पंधरा वर्षांची, तिला घारींची भाषा कळते. वेढा पडतो. पहिली शंभरेक पानं मला आवडली. कोठारातलं धान्य रोज मोजणारा म्हातारा, टाक्यातलं पाणी किती उतरलं ते बघायला खाली वाकणारी पोरं, हे सगळं नजरेसमोर उभं राहतं. मग शेवटाकडे शत्रू सुरुंग उडवतो, ही मुलगी हात वर करते, तिच्यात देवी संचारते आणि तटाचे दगड उलटून शत्रूवर कोसळतात. गड वाचतो. संपलं.

तुमच्या लेकीनं त्यावर लिहिलंय: ‘हात वर करून काम होणार होतं, तर एवढे महिने थांबली कशाला? पहिल्याच दिवशी करायचा.’ मी एकटीच मोठ्यानं हसले. पुढे तिनं एक बारीक गोष्ट पकडलीय. पहारेकरी पहाटे आलं घातलेला गरम चहा पितो. १७०० साली! चहाशिवाय सातारकराला सुचत नाही हे खरं, पण तो आपल्या घराघरांत शिरला विसाव्या शतकात. मला स्वतःला ते वाचताना खटकलंसुद्धा नव्हतं, तिच्या पानावर वाचलं तेव्हा कपाळावर हात मारला. ज्या मुलीला गावाचं काही वाटत नाही, ती साताऱ्याच्या पहारेकऱ्यानं काय प्यायलं हे शोधत बसेल का?

आता तुमच्या माहेराविषयी. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबानं साताऱ्याला वेढा घातला, तेव्हा ऐंशी उलटलेल्या त्या बादशहाची छावणी पडली होती किल्ल्याच्या उत्तरेला, करंज्यात. तुमच्याच करंज्यात. पश्चिमेला शहजादा आजम. गडावर किल्लेदार प्रयागजी प्रभू. वर चढू पाहणाऱ्यांवर गडकरी मोठमोठे धोंडे लोटत, आणि ते तोफेइतकाच घात करत. १३ एप्रिल १७०० ला मुघलांनी सुरुंग उडवले. पहिल्या स्फोटानं तटाचा भाग आत कोसळला, माणसं गाडली गेली. त्यांत प्रयागजीही होते, भवानीच्या देवळाजवळ. त्यांना ढिगाऱ्यातून जिवंत उकरून काढलं आणि गडावरच्या लोकांनी तो शुभशकुन मानला. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनं हे नोंदवलंय. हा डफ १८१८ पासून साताऱ्यातच इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी होता. दुसरा सुरुंग मात्र उलटा बसला. तट बाहेरच्या बाजूला कोसळला, तो हल्ल्यासाठी खाली दाटून उभ्या असलेल्या मुघल सैन्यावर. कित्येक जण जागच्या जागी मेले.

म्हणजे बघा, दगड शत्रूवर उलटले ते खरंच उलटले होते. देवळाच्या सावलीत गाडला गेलेला माणूस जिवंत निघाला. एवढं सगळं आयतं समोर असताना लेखकानं पोरीला हात वर करायला लावलं, याचा मला राग आला. त्याहून जास्त राग शेवटाचा. गड वाचला नव्हता. राजाराम महाराज मार्चमध्येच सिंहगडावर वारले होते, आणि एप्रिल सरायच्या आत किल्ला मुघलांच्या हाती गेला. औरंगजेबानं त्याचं नाव आजमतारा ठेवलं. पुढे मराठ्यांनी तो परत घेतला. हरण्याची गोष्ट चौदा वर्षांच्या मुलांना झेपणार नाही असं या लेखकांना का वाटतं कोण जाणे.

अण्णांचं म्हणणं उडवून लावू नका, पण इतिहासाच्या गोष्टीत देवी आणणं हे काही बाहेरून आलेलं खूळ नव्हे, एवढं त्यांना आठवण करून द्या. सभासदानं शिवाजी महाराजांची बखर लिहिली तेव्हा प्रतापगडच्या प्रसंगाला चाळीस वर्षंही झाली नव्हती, आणि तीत अफजलखानाच्या भेटीआधी भवानी महाराजांना दर्शन देते, यशाचा शब्द देते. पण त्यानंतर अंगरख्याखाली चिलखत चढवतात ते महाराजच, आणि शामियान्यात जातात तेही तेच. देवीनं धीर दिला, काम माणसाला करावं लागलं. या कादंबरीत देवीलाच कामाला जुंपलंय. अण्णांना चेष्टा वाटली ती बहुधा इथेच. आता लेकीचं ‘पहिल्याच दिवशी हात वर करायचा’ पुन्हा वाचा. आजोबा आणि नात एकाच पानावर अडखळलेत, फक्त एक मराठीत चिडलाय आणि दुसरी इंग्रजीत.

तेव्हा पुढच्या रविवारी तिला तिची दोन पानं अण्णांना मराठीत सांगू द्या. मोडक्यातोडक्या मराठीत सांगेल, ‘ती दगड’ म्हणेल. मध्येच दुरुस्त करू नका, एवढी कृपा करा. अण्णांनाही अडवू नका. त्यांच्या लहानपणी किल्ल्याच्या काय गोष्टी चालायच्या ते त्यांना विचारा. बहुतेक त्यांच्याकडे एखादी अशी निघेल की कादंबरीकाराला लाजवेल.

राहिलं तुम्हाला लागलं ते. तुम्ही पुस्तक दिलंत, पण त्याच कागदात सातारा गुंडाळून दिलात, बारा वर्षांच्या आठवणीसकट. तिनं उघडलं तर आत फक्त पुस्तक होतं. तिनं पुस्तकाबद्दल मत दिलं. यापुढे असं काही सापडलं तर वाढदिवसाची वाट बघू नका, सोफ्यावर टाकून ठेवा. वाचलं तर वाचलं.

डिसेंबरात तुमच्याकडे शाळेला मोठी सुट्टी असते, तेव्हा या. किल्ल्यावर वरपर्यंत गाडी जाते, त्यामुळे अण्णांच्या गुडघ्यांचं निमित्त चालणार नाही. ऊन चढायच्या आत जा, थर्मासमध्ये चहा न्या. उत्तरेच्या तटावर उभं राहिलं की खाली गाव पसरलेलं दिसतं आणि पलीकडे करंजे. तिला म्हणावं, बादशहाचा तंबू कुठे असेल ते शोध, आणि त्यात आपलं छप्पर कुठलं ते सांग.